झोपेची साक्ष

सकाळी सहाला मी खोलीतला दिवा लावते, पेशंटच्या डोक्यावरच्या वायरी सोडवायला घेते आणि एक ठरलेला प्रश्न विचारते, "झोप कशी झाली?" गेली एकोणीस वर्षं विचारते आहे. कुणी म्हणतं, "मस्त! कधी पडलो आणि कधी उजाडलं, कळलंच नाही." कुणी म्हणतं, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला, ताई." शेजारच्या खोलीत बसून मी त्यांच्या रात्री पडद्यावर सेकंदासेकंदाने पाहिलेल्या असतात. मस्त झोपलेल्या काकांचा मेंदू रात्रीत तीनशेहून जास्त वेळा जागा झालेला असतो. डोळ्याला डोळा न लागलेल्या मावशी चांगल्या पाच तास झोपलेल्या असतात. दोघंही मनापासून खरं तेच सांगत असतात. पण झोपणाऱ्याला स्वतःची झोप पाहता येत नाही. त्या घटनेला तो हजर असतो आणि तरीही तिचा साक्षीदार नसतो.

हे पुस्तक त्या न पाहिलेल्या तासांविषयी आहे. झोपेत मेंदूतून उठणाऱ्या विजेच्या लहरी टिपायच्या. सोबत डोळ्यांच्या हालचाली, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, श्वास, हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन, पायांचे झटके यांचीही नोंद घ्यायची. आणि या सगळ्या रेघा एकाखाली एक मांडून वाचायच्या. या तपासणीचं पूर्ण नाव पॉलिसोम्नोग्राफी. बोलताना सगळे तिला 'स्लीप स्टडी' म्हणतात आणि या पुस्तकात मीही तेच नाव वापरलं आहे. मराठीत आहारावर, व्यायामावर, मधुमेहावर पुस्तकं पुष्कळ आहेत. झोपेत आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो, पण झोपेच्या आजारांचं निदान कसं होतं हे ज्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी पडते त्यालाच कळतं, तेही उभ्याउभ्या. "एक रात्र येऊन झोपायचं, वायरी लावतील," एवढंच. त्या एका वाक्यामागे काय काय आहे, ते निवांत सांगावं म्हणून लिहायला बसले.

या लिहिण्यामागे घरचंही एक कारण आहे. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. रात्री ओटीवर झोपले की त्यांचं घोरणं परसापर्यंत ऐकू यायचं. मधेच ते थांबायचं, सारं शांत व्हायचं आणि मग एकदम मोठा हुंकार देऊन पुन्हा सुरू व्हायचं. आजी कौतुकाने म्हणायची, "माझ्या लेकाची झोप राजाची." दिवसा मात्र वडील खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचे. फळ्याकडे तोंड करून लिहिताना खडू हातातून गळायचा. मुलं मागून 'पेंगे गुरुजी' म्हणायची, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा वरिष्ठांची तपासणी चालू असतानाच त्यांना डुलकी लागली आणि कामचुकारपणाचा शेरा बसला. त्या शेऱ्याची लाज त्यांनी शेवटपर्यंत बाळगली. अठ्ठावन्नाव्या वर्षी पक्षाघाताने ते गेले. त्यामागे झोपेतला श्वासरोध होता असं मी म्हणू शकत नाही, कारण त्यांची तपासणी कधी झालीच नाही. पण आज तसा माणूस माझ्यासमोर आला तर पहिल्या तासाभरात पडद्यावर मला काय दिसेल, याचा अंदाज मला आहे. आणि त्याच्या हातात अहवाल पडल्यावर त्याच्या कपाळावरचा कोणता शेरा पुसला जाईल, हेही माहीत आहे.

ही विद्या फार जुनी नाही. मेंदूत विजेचे प्रवाह असतात हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर दाखवलं. माणसाच्या मेंदूची पहिली नोंद व्हायला १९२४ साल उजाडलं. ती केली जर्मनीतल्या येना इथल्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञांनी. तरुणपणी लष्करात असताना सरावात ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचले. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली : तू सुखरूप आहेस ना? दूर घरी त्यांच्या बहिणीला त्यांच्याविषयी अकस्मात धास्ती वाटली होती. मनातली भीती एवढ्या लांब पोचते तर मेंदूतून काहीतरी बाहेर पडत असलं पाहिजे, या ध्यासाने त्यांनी पुढची कित्येक वर्षं काढली. मनामनांतला तो दुवा त्यांना सापडला नाही. हाती लागली ती डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूतली, सेकंदाला सुमारे दहा वेळा वरखाली होणारी एक लहर. तिला त्यांनी अल्फा म्हटलं. पाच वर्षं नोंदी पुन्हा पुन्हा तपासून १९२९ मध्ये त्यांनी पहिला निबंध छापला. पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तीच लहर दाखवली, तेव्हा शंका मिटल्या.

ती लहर किती क्षीण असते हे सांगायला हवं, कारण आमच्या कामातले सगळे कष्ट तिथूनच येतात. टाळूवर पोचेपर्यंत मेंदूची वीज व्होल्टच्या काही दशलक्षांशांवर आलेली असते. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. पन्नास मायक्रोव्होल्टची लहर म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. पंख्याची मोटर, मोबाइलचा चार्जर, मानेवर सुटलेला घाम, यांतलं काहीही तिला झाकून टाकू शकतं.

झोपेत या लहरी बदलतात हे पद्धतशीर मांडलं आल्फ्रेड लूमिस यांनी. ते गडगंज श्रीमंत होते आणि न्यूयॉर्कजवळ टक्सीडो पार्क इथे त्यांनी घरचीच प्रयोगशाळा उभारली होती. १९३५ ते १९३७ या काळात हार्वी आणि होबार्ट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी रात्र रात्र झोपलेल्या माणसांच्या लहरी कागदावर उतरवल्या आणि झोपेच्या पाच पायऱ्या सांगितल्या. तोवर झोप म्हणजे विझलेला दिवा, असाच समज होता. खरा धक्का बसला पुढे शिकागोत. तिथे नॅथॅनिएल क्लाइटमन यांचे विद्यार्थी युजीन असेरिन्स्की यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोळ्यांजवळ वायरी लावून त्याला झोपवलं. मध्यरात्री आलेखावर डोळ्यांच्या रेघा जोरजोरात नाचू लागल्या. मुलगा जागा झाला असेल किंवा जुनाट यंत्र बिघडलं असेल असं त्यांना वाटलं. आत जाऊन पाहिलं तर आर्मंड शांत झोपलेला. १९५३ मध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि 'रॅपिड आय मूव्हमेंट', म्हणजे रेम झोप, जगाला कळली. मेंदू जागेपणीइतकाच गजबजलेला, डोळे पापण्यांखाली धावत असलेले, जागं केलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगणार. १९५९ मध्ये लिऑनच्या मिशेल झुव्हे यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की याच झोपेत शरीराचे स्नायू पार सैल पडतात. स्वप्नात माणूस धावतो आणि अंथरुणात निपचित असतो तो यामुळे. हा एक धागा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे एका आजाराची गाठ त्याच धाग्याने सुटते.

प्रयोगशाळेतली ही विद्या दवाखान्यात आणली क्लाइटमन यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम डिमेंट यांनी. त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० मध्ये झोपेच्या आजारांसाठी क्लिनिक सुरू केलं. त्याआधी १९६८ मध्ये रेक्टशाफेन आणि केल्स यांच्या संपादनाखाली आलेख वाचण्याचे नियम ठरले होते. आम्ही आजही रात्र तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचतो. हा तीसचा आकडा मेंदूने दिलेला नाही. तेव्हा कागद सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने सरकायचा आणि एक पान ३० सेंटिमीटरचं असायचं, म्हणून एका पानात तीस सेकंद मावायचे. कागद गेला, पडदा आला, पान मात्र राहिलं. आठ तासांच्या रात्रीची ९६० पानं होतात. कागदावर हीच रात्र २८८ मीटर लांब पसरली असती. त्या काळी ती सगळी हाताने उलटून वाचलेल्या माणसांविषयी मला फार आदर आहे.

आता एक संध्याकाळ जवळून पाहू. साडेआठच्या सुमाराला पेशंट येतो, सोबत घरचं कुणीतरी. केस शांपूने धुऊन यायचं, तेल लावायचं नाही, असं फोनवर सांगितलेलं असतं. तरी दहातल्या दोघा-तिघांच्या केसांना खोबरेल असतंच, कारण "दवाखान्यात जायचं तर नीट भांग पाडून जावं" ही आपली रीत. तेलावर इलेक्ट्रोड टिकत नाही. मग आधी स्पिरिटने टाळू पुसायची. मोजपट्टीने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत अंतर घ्यायचं आणि त्याच्या दहा आणि वीस टक्क्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीमुळे पुण्यातल्या डोक्यावरची खूण आणि टोकियोतल्या डोक्यावरची खूण एकाच जागी येते. खुणेवरची त्वचा खरखरीत जेलने हलकेच घासायची, वाटीसारख्या चिमुकल्या इलेक्ट्रोडमध्ये पेस्ट भरायची, तो दाबून बसवायचा, वर गॉजचा तुकडा. कपाळाच्या वर, डोक्याच्या मध्यावर, मागे, दोन्ही कानांमागे. मग डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पोटऱ्यांच्या पुढच्या बाजूला, छातीवर. नाकाशी श्वासाची नळी, छाती-पोटाला एकेक पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. सगळं व्हायला पाऊण तास तरी जातो. एवढ्या वायरी बघून बायका हमखास विचारतात, "यातून शॉक तर नाही ना बसणार?" मी सांगते, "या वायरी काही देत नाहीत मावशी, फक्त ऐकतात."

दिवा मालवला की शेजारच्या खोलीतून माइकवर सूचना : डोळे उघडे ठेवा. आता मिटा. मान न हलवता डावीकडे बघा, उजवीकडे बघा. दात घट्ट आवळा. डावा पाय हलवा. पेशंटला हा खेळ वाटतो. माझ्यासाठी हे त्या रात्रीच्या लिपीची बाराखडी घोटणं असतं. डोळे मिटताच डोक्याच्या मागच्या वायरींवर बर्गर यांची अल्फा लहर उमटते. शंभर वर्षांपूर्वी येनामध्ये उमटली तीच, एखाद्या गावच्या सरपंचाच्या डोक्यातून. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणाने मला आनंद होतो.

मग झोप उतरू लागते. आपल्या भाषेत झोपेला किती शब्द आहेत! पेंग, डुलकी, डोळा लागणं, गाढ झोप, साखरझोप. आलेख वाचायला शिकले तेव्हा हे शब्द मला नव्याने कळले. पेंगताना अल्फा विरून जाते, डोळे संथपणे इकडून तिकडे घरंगळतात. ही पहिली पायरी, एन वन. यातून उठवलं तर बरेच जण म्हणतात, "मी कुठे झोपलो होतो? बातम्या ऐकत होतो." दुसरी पायरी, एन टू, म्हणजे खरा डोळा लागला. इथे अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त टिकणारी, चातीवरच्या सुतासारखी मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती लहर दिसते. तिला 'स्पिंडल' म्हणजे चातीच म्हणतात. तिच्या जोडीला मधूनच एकच उंच, टोकदार उसळी येते, ती 'के कॉम्प्लेक्स'. तिसरी, एन थ्री, ही गाढ झोप : पानाचा निदान पाचवा हिस्सा मंद, उंच डेल्टा लहरींनी भरलेला, भरतीच्या लाटांसारखा. ती रात्रीच्या पहिल्या प्रहरांत जास्त असते, म्हणून अकराला झोपलेलं लेकरू बाराला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं तरी उठत नाही. आणि साधारण दीड दीड तासाने येते रेम. तिच्या फेऱ्या रात्र सरेल तशा लांबत जातात आणि पहाटे सर्वांत लांब असतात. साखरझोपेतली स्वप्नं आठवतात, पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण मानतो, त्यामागे मला ही लांबलेली रेम दिसते. स्वप्न मोठं पडतं आणि लगेच जागही येते.

निरोगी रात्रीचा हा नकाशा मनात ठसला की तो कुठे फाटलाय ते दिसू लागतं. निद्राश्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया, आमच्याकडे सर्वांत जास्त येतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, छाती आणि पोट हवा खेचायला झटत राहतात पण हवा आत जात नाही. पडद्यावर नाकाची रेघ सपाट होते, छाती-पोटाच्या रेघा एकमेकींच्या उलट्या हलतात. दहा सेकंद, वीस, पस्तीस. ऑक्सिजनचा आकडा थोडा उशिराने घसरतो, कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. शेवटी मेंदू धोका ओळखतो. संथ लहरींमध्ये अचानक जलद लहरींची झुंबड उडते, हनुवटी ताणली जाते, मोठा हुंकार येतो, श्वास मोकळा होतो. मेंदूची ही जाग पाच-सात सेकंदांची असते. माणसाला तिचा पत्ताही नसतो. तो पुन्हा झोपतो आणि घसा पुन्हा मिटतो. माझ्या वडिलांचा ओटीवरचा हुंकार हाच असावा. असे अडथळे तासाला पाचपर्यंत आले तर चालतं. तीस किंवा त्याहून जास्त झाले की आजार तीव्र. मुंबईत झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या २५० पुरुषांची घरी झोपेची तपासणी केली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचे अडथळे होते, आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसा पेंग येण्याची तक्रारही होती. आपल्या ओळखीच्या शंभर मध्यमवयीन पुरुषांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा आणि मोजा. यावरचा इलाज सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये दाखवला : नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. तेच आजचं सीपॅप मशीन. घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत आपल्या घराघरांतून गेली तरी कित्येक माणसं वाचतील.

श्वास मोजायला मेंदूच्या लहरी कशाला, असं मला नेहमी विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, कारण घरी करायच्या सोप्या तपासणीत बहुधा डोक्याला वायर नसते. पण माणूस आठ तास पडून असेल आणि त्यातले चारच तास झोपला असेल, तर त्याचे अडथळे आठांनी भागायचे की चारांनी? मेंदूची नोंद नसेल तर हे ठरवता येत नाही आणि आजार असतो त्याच्या निम्माच दिसतो. तीव्र आजाराच्या संशयात घरची तपासणी उपयोगी आहे, स्वस्त आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. पण ती निर्दोष आली आणि माणूस तरीही दिवसा पेंगतो आहे, तर विषय तिथे संपवू नये. मनगटावरची घड्याळं हालचालीवरून आणि नाडीवरून अंदाज बांधतात. त्यांना मेंदू ऐकू येत नाही.

काही आजार तर मेंदूच्या नोंदीशिवाय नीट ओळखताच येत नाहीत. वर्गात झोपणारी एक कॉलेजची मुलगी आमच्याकडे आली होती. हसू आलं की तिचे गुडघे लुळे पडायचे. घरच्यांनी आळस म्हणून पाहिलं, मग नाटक म्हणून. रात्रीच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी वीस मिनिटं, अशा पाच डुलक्यांची संधी तिला दिली. मेरी कार्स्काडन आणि डिमेंट यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही चाचणी. ती दर वेळी तीन-चार मिनिटांत झोपली आणि पाचांपैकी चार वेळा थेट रेममध्ये गेली. निरोगी माणसाला तिथे पोचायला दीड तासाच्या आसपास लागतो. हा नार्कोलेप्सी, ज्याला जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० मध्ये नाव दिलं. तिच्यासारख्या रुग्णांच्या मेंदूत जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन कमी पडतं हे २००० साली कळलं. निदान ऐकून ती रडली. दुःखाने नव्हे, "म्हणजे मी आळशी नाहीये," एवढंच म्हणाली.

आणि आता तो मघाचा धागा. एक आजोबा झोपेत हातवारे करायचे, लाथा मारायचे, एकदा आजींच्या कपाळाला खोक पडली. गावात बाहेरची बाधा म्हणून उपाय करून झाले होते. आलेखावर रेम झोप होती, डोळे धावत होते, पण हनुवटीची रेघ, जी सपाट असायला हवी, ती ताणाने भरलेली होती. स्वप्नातलं भांडण शरीर खरंच भांडत होतं. अमेरिकेत मिनियापोलिसला कार्लोस शेन्क आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. त्यांच्या २९ रुग्णांपैकी ३८ टक्क्यांना १९९६ पर्यंत पार्किन्सनसारखा आजार जडला होता. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात ते प्रमाण ८१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे हाताला कंप सुटण्याच्या कित्येक वर्षं आधी झोप इशारा देत असते. अशा घरी पहिला सल्ला साधाच असतो : पलंग खाली करा, टोकदार वस्तू दूर ठेवा, आजींनी वेगळं झोपावं. आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे नियमित जा.

झोपेत चालणं, दचकून किंचाळणं, झोपेतच येणारी फिट, यांची गल्लतही नेहमी होते. झोपेत चालणारं मूल गाढ झोपेतून, रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात उठतं. फिटचे झटके बहुधा छोटे, एकसारखे आणि रात्रीतून अनेकदा येणारे. तिथे डोक्यावर जास्त इलेक्ट्रोड आणि सोबत व्हिडिओ लागतो. औषधं पूर्णपणे वेगळी असल्यामुळे ही पारख फार मोलाची आहे.

इतकं सांगितल्यावर या तपासणीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. साध्या निद्रानाशाला सहसा स्लीप स्टडी लागत नाही. डॉक्टरांनी अर्धा तास शांतपणे ऐकलं आणि पेशंटने दोन आठवडे झोपेची वही लिहिली, की पुष्कळ कळतं. पाय वळवळण्याचा त्रासही विचारूनच ओळखता येतो. परक्या खोलीत पहिल्या रात्री कुणालाच नेहमीसारखी झोप येत नाही. २०१६ मध्ये ब्राऊन विद्यापीठात दिसलं की अशा पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा हलका झोपतो, जणू राखण करतो. आमचे आलेख अशाच राखणीच्या रात्रीचे असतात. शिवाय वाचणारी माणसंच आहेत : दोन कुशल वाचकांचंही साधारण ऐंशी टक्के पानांवरच एकमत होतं. आता संगणकही पानं वाचतो, झटपट वाचतो आणि बऱ्यापैकी वाचतो. तरी सैल झालेल्या वायरीची थरथर आणि मेंदूची थरथर यांतला फरक ओळखायला रात्री उठून खोलीत जाणारं कुणीतरी लागतं.

सुरुवातीच्या त्या मावशींकडे परत येते. त्यांचा आलेख पाच तासांची झोप दाखवत होता आणि त्या म्हणत होत्या, डोळा लागला नाही. नवी असताना मी अशा एका बाईंना म्हणाले होते, "अहो, तुम्ही छान झोपलात, मशीनमध्ये आहे सगळं." त्यांचा चेहरा पडला. त्या पुन्हा आल्या नाहीत. आपल्या दुखण्याला आता मशीनसुद्धा खोटं म्हणतंय, एवढंच त्या घरी घेऊन गेल्या. ती माझी चूक होती आणि मी ती विसरलेले नाही. झोपूनही झोप न जाणवणं हा स्वतंत्र विकार आहे, त्याला उपचार आहेत, आणि त्यांची सुरुवात पेशंटवर विश्वास ठेवण्यापासून होते. ती नोंद साक्ष देते, निवाडा देत नाही. रेघा खऱ्या, आणि सकाळी सहाला माणूस सांगतो तेही खरं. ही दोन्ही खरी एकत्र बसवणं म्हणजे निदान.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिल्या भागात निरोगी झोप आणि तिच्या लहरी. दुसऱ्यात तपासणीची पूर्ण रात्र, घरून निघण्यापासून अहवाल हाती येईपर्यंत. तिसऱ्यात एकेक आजार, आणि शेवटी अहवाल कसा वाचावा, डॉक्टरांना काय विचारावं. अहवालातल्या आकड्यांचा अर्थ घरच्या माणसाला कळावा, अशी भाषा ठेवायचा प्रयत्न केला आहे. औषध किंवा मशीन मात्र पुस्तक वाचून कुणी सुरू करू नये, बंदही करू नये.

ज्यांनी मला आलेख वाचायला शिकवलं त्या शिक्षकांचे आणि रात्रपाळीतल्या सहकाऱ्यांचे आभार. सर्वांत मोठं ऋण त्या हजारो माणसांचं, ज्यांनी डोक्याला वायरी लावून घेऊन अनोळखी बाईच्या पहाऱ्यात स्वतःला झोपेच्या स्वाधीन केलं. माणूस झोपेत जितका निराधार असतो तितका कधीच नसतो. तो विश्वास मी रोज रात्री हातात घेते.

तुमच्या घरी कुणी घोरता घोरता थांबत असेल, कुणी भर दुपारी पेंगत असेल, कुणी स्वप्नात हात उगारत असेल, तर हसू नका आणि रागावू नका. एक रात्र त्यांच्या उशाशी बसा, घड्याळ बघा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आमच्या यंत्राआधी झोपेला साक्षीदार म्हणून घरचं माणूसच होतं. माझ्या वडिलांच्या ओटीवर आम्ही सगळे होतो, तो हुंकार सगळ्यांनी ऐकला होता. त्याचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता. तुम्हाला तो माहीत असावा, म्हणून हे पुस्तक.